शस्त्रक्रियेनंतरचा डोळा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीतील (१७९८–१८३२) नेत्ररुग्णांच्या नोंदी जपलेल्या आहेत. त्यांत रुग्णाची हकीकत व उपचार लिहिलेले असून सोबत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या भोसले राजाने धन्वंतरी महालात देशी व युरोपीय अशा दोन्ही वैद्यकांना स्थान दिले. डोळ्याची आधीची अवस्था कागदावर उतरवली नाही तर नंतरच्या दृष्टीची तुलना कशाशी करायची, या प्रश्नाची जाण त्या चित्रांत दिसते आणि त्यातच त्यांचे खरे मोल आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा विचार मात्र या नोंदींहून जुना आहे आणि तो मोतिबिंदूच्या उपचारात दिसतो. मोतिबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथात वर्णिलेल्या पद्धतीत शलाका, म्हणजे बारीक टोकदार सळई, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालून हे भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारले जाई. त्यानंतरचे पथ्यही संहिता तितक्याच काटेकोरपणे सांगते: तुपाने भिजवलेली पट्टी बांधावी, रुग्णाने उताणे पडून राहावे, शिंक, खोकला, ढेकर व थुंकणे आवरावे, दर तिसऱ्या दिवशी डोळा धुवावा आणि दहा दिवस हा संयम पाळावा. भूल नसलेल्या काळात रुग्णाच्या वाट्याला येणारे खरे काम या दहा दिवसांचे होते.

आजची चष्मा घालवणारी लेसर शस्त्रक्रिया मोतिबिंदूवर नव्हे, तर पारपटलावर, म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक आवरणावर होते. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवले की १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर भोवतालची ऊती न भाजता अतिसूक्ष्म थर काढतो, आणि १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल यांच्यासह त्यांनी पारपटलावरील त्याचा उपयोग मांडला. पारपटलाची मधली जाडी सुमारे अर्धा मिलिमीटरच असल्याने शस्त्रक्रियेआधी तिचे मोजमाप व पृष्ठभागाचा नकाशा काढावा लागतो. पारपटल पातळ किंवा शंकूसारखे पुढे आलेले असेल, तर नकार देणारा डॉक्टर रुग्णाचे हितच पाहत असतो.

प्रत्यक्ष क्रिया थोड्या मिनिटांची असते. थेंबांनी डोळा बधिर होतो आणि पापण्या यंत्राने उघड्या धरल्या जातात. लेसिक पद्धतीत पारपटलाची पातळ झडप उचलताना डोळ्यावर दाब येऊन क्षणभर अंधारते, लेसर चालू असताना केस जळल्यासारखा वास येतो, आणि शेवटी झडप टाक्यांविना जागेवर बसवली जाते. त्यानंतर काही तास डोळा चुरचुरतो व पाणावतो, परंतु बहुतेकांना दुसऱ्या दिवशीच बरेच स्पष्ट दिसते. पीआरके पद्धतीत मात्र झडप न करता वरचा पातळ थर काढला जात असल्यामुळे काही दिवस वेदना होतात, संरक्षक लेन्स ठेवावी लागते आणि दृष्टी स्थिरावण्यास अनेक आठवडे जातात.

लवकर दिसू लागले म्हणजे डोळा बरा झाला, ही समजूत घातक आहे. कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये काही महिने राहू शकतात. झडप पूर्वीइतकी घट्ट कधीच सांधत नाही, म्हणून डोळा चोळणे टाळावेच लागते. सांगितलेला काळ पोहणेही वर्ज्य असते. चाळिशीनंतर वाचनासाठी लागणारा चष्मा या शस्त्रक्रियेने टळत नाही.

आणखी एक गोष्ट क्वचितच स्पष्टपणे सांगितली जाते. पुढे मोतिबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाचा नंबर पारपटलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेसरने वक्रता बदललेल्या डोळ्यात हे गणित चुकण्याचा संभव वाढतो. अशा वेळी लेसर शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे हाती असणे उपयोगी पडते. म्हणून लेसर करून घेणाऱ्या प्रत्येकाने आधीच्या व नंतरच्या सर्व तपासण्यांच्या प्रती मागून घ्याव्यात आणि त्या आयुष्यभर जपून ठेवाव्यात.