तारांवरून पलीकडे

मुदखेडला नांदेड, निजामाबाद आणि आदिलाबाद अशा तीन दिशांचे रूळ मिळतात. म्हणून गावात पाऊलही न टाकता एका गाडीतून उतरून दुसरीत बसणारी माणसं इथे पुष्कळ. दवाखान्याला निघालेली म्हातारी, फुलांच्या करंड्या घेतलेला शेतकरी, ट्रंक आणि वळकटी सांभाळणारा सीआरपीएफचा जवान, या सगळ्यांना फलाट बदलायचा असतो. हे स्थानक रेल्वे स्थानकं सुधारण्याच्या अमृत भारत योजनेच्या यादीत आहे, तेव्हा सर्वांना चढता येईल असा पादचारी पूल कसा बांधतात हे इथल्या लोकांना माहीत असायलाच हवं.

पुलाची उंची ठरते ती खालच्या तारेवरून. विजेवरच्या मार्गावर तारेत 25,000 व्होल्ट असतात, त्यामुळे रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत साधारण सव्वासहा मीटर मोकळी जागा सोडावी लागते. फलाट रुळापेक्षा जेमतेम 80 सेंटिमीटर उंच. तो वजा करा, तुळया आणि लाद्यांची जाडी मिळवा, की चढण निघते सुमारे सहा मीटर. 15 सेंटिमीटरची पायरी धरली तर 40 पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे तितक्याच उतरायच्या. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. म्हणून बारा-बारा पायऱ्यांनंतर थांबायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना हाताच्या मुठीत नीट मावणारा कठडा लागतो. तो शेवटच्या पायरीच्या थोडं पुढपर्यंत यायला हवा, कारण तोल जातो तो तिथेच.

चाकाची खुर्ची पायऱ्यांवरून जात नाही. उतार करायचा तर तो बारास एकपेक्षा तीव्र चालत नाही. सहा मीटरला झाले 72 मीटर, आणि दर नऊ मीटरला विसाव्याची सपाट जागा धरली की ऐंशीच्या पुढे. म्हणजे तीन डब्यांहून लांब, तेही एकाच बाजूला. मे महिन्याच्या उन्हात एवढ्या चढावर खुर्ची ढकलणाऱ्याचेही हाल होतात. त्यामुळे माझं मत लिफ्टच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: ती प्रत्येक फलाटावर हवी. एका टोकाला लिफ्ट आणि दुसऱ्या टोकाला नुसता जिना, हे काम अर्धवटच. दार किमान 90 सेंटिमीटर रुंद, बटणं बसलेल्या माणसाच्या हाताला लागतील अशी आणि त्यांवर ब्रेल. वीज गेली तर लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर येऊन उघडेल अशी व्यवस्थाही लागते. सरकत्या जिन्याने यातलं काहीच भागत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पायाखालच्या लाद्याच वाट दाखवतात. लांबट उंचवटे म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा. ही ओळ स्थानकाच्या दारापासून लिफ्टपर्यंत अखंड हवी. मध्ये एखादी टपरी किंवा खांब आला की माणूस तिथेच अडकतो.

रुंदीत काटकसर नको. 29 सप्टेंबर 2017 ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली.

भुयारी मार्ग केला तर उतरायची खोली चारेक मीटरच भरते, उतारही लहान होतो. पण पावसाळ्यात पाणी उपसायला पंप आणि तो चालवणारा माणूस, दोन्ही कायमचे ठेवावे लागतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने रेल्वे स्थानकं सुगम करणं बंधनकारक केलं आहे. मात्र बांधकामाइतकंच गाड्यांचं नियोजनही मोलाचं. ज्या दोन गाड्यांत प्रवासी अदलाबदल करतात त्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना घेता आल्या, तर पूल चढावाच लागत नाही. ते जमत नसेल तेव्हा फलाटाची घोषणा गाडी येण्याच्या बऱ्याच आधी व्हावी आणि ऐन वेळी बदलू नये. लिफ्टला रांग असते, आणि खुर्चीवरच्या माणसाला धावून गाडी गाठता येत नाही.