विश्लेषण : हात धुण्याचे नियम परिचारिकांना पाठ, तरी वॉर्डात अडते कुठे?

एका आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णाला रुग्णालयातच दुसरा संसर्ग होणे, ही दुर्मीळ गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर भारतासारख्या निम्न व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी सरासरी एक रुग्ण त्यात दगावतो.

संसर्ग पसरतो कसा?

अनेकदा हातांवरून. सलाईनची सुई, लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी हे जंतूंना थेट शरीरात जाण्याचे रस्ते. या साऱ्याची देखभाल चोवीस तास परिचारिकांकडे असते, त्यामुळे बोटही पहिले त्यांच्याकडेच दाखवले जाते. मात्र हातांच्या स्वच्छतेची प्रत्यक्ष निरीक्षणे झाली, तिथे डॉक्टर बहुधा परिचारिकांच्या मागेच आढळले आहेत.

‘पाच क्षण’ कोणते?

रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटचा अनेकदा सुटतो. खाटेचा कठडा, मॉनिटरचे बटण, सलाईनचा स्टँड यांना हात लागला, तर हात घाण झाल्यासारखे वाटतच नाहीत. ‘नंतर’चे हात धुणे स्वतःच्या काळजीपोटी होऊन जाते, ‘आधी’चे, म्हणजे रुग्णाला वाचवणारे, राहून जाते.

माहिती आहे, मग अडचण कसली?

साधा हिशेब करून पाहू. समजा, एका परिचारिकेकडे २० रुग्ण आहेत आणि शिफ्टमध्ये प्रत्येकामागे फक्त चार वेळा हात स्वच्छ करायचे आहेत. झाले ८० वेळा. साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, म्हणजे बेसिनपर्यंतची ये-जा सोडूनही जवळपास तास-सव्वा तास. सॅनिटायझरला २० ते ३० सेकंद पुरतात. वेळ निम्मा होतो. तोही बाटली खाटेशी असेल तरच. ती सिस्टरांच्या टेबलावर किंवा कुलपात असेल, तर प्रशिक्षणाचे आणखी एक सत्र घेऊन काय साधणार?

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयाने १९९० च्या दशकात नेमके हेच केले. खाटेजवळ सॅनिटायझर ठेवले, भिंतींवर पोस्टर लावले, निरीक्षणाचे निकाल कर्मचाऱ्यांना दाखवले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले. या काळात रुग्णालयातील संसर्गही घटले. (सॅनिटायझर सर्वत्र चालत नाही. हात दिसण्याइतपत मळलेले असतील किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब होणारा रुग्ण असेल, तर साबण-पाणीच हवे.)

हातमोजे घातले की पुरे?

नाही, उलट तिथेच मोठी फसगत होते. एकच जोडी घालून तीन रुग्णांना हात लावला, तर परिचारिकेचे हात स्वच्छ राहतात आणि जंतू मात्र तिन्ही खाटांवर फिरतात. मोजे प्रत्येक रुग्णागणिक बदलायचे आणि काढल्यावर हातही स्वच्छ करायचे.

परिचारिकांना स्वतःला धोका किती?

वापरलेली सुई टोचणे हा सर्वांत मोठा. रुग्ण बाधित असेल, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीला तीन डोसांची लस आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती थेट धारदार वस्तूंच्या पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात टाकावी, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात. तरीही सुई टोचलीच, तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचे. ओरडा खावा लागेल म्हणून अनेक जणी गप्प बसतात, आणि नेमका तोच वेळ महागात पडतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात; ७२ तासांनंतर ती दिली जात नाहीत.