एका खुंटीवर किती ओझं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीची बॅटरी म्हटलं, की आपल्याला तिच्यात पाणी भरणं आठवतं, नाहीतर थंडीतल्या सकाळी गाडी सुरू न होणं आठवतं. तिच्या दोन टोकांकडे, म्हणजे टर्मिनलकडे, सहसा कुणी पाहत नाही. आज मी त्याबद्दल बोलणार आहे, कारण एकदा या टोकानंच मला धडा शिकवला.

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. तालुक्याच्या गावात माझं छोटं गॅरेज आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची रुग्णवाहिका माझ्याकडे आली. जुनी डिझेल व्हॅन, मागे स्ट्रेचर बसवलेलं. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाच्या बोल्टवर आधीच तीन केबल होत्या. एक सेल्फची, एक गाडीच्या नेहमीच्या वायरिंगची आणि एक सायरन व वरच्या दिव्यांची. आता ऑक्सिजनच्या यंत्रासाठी इन्व्हर्टर बसवायचा होता. घाई होती. मी नट काढला, चौथी केबल त्याच बोल्टवर चढवली. बोल्टचे आटे कमी पडत होते, तरी नट कसाबसा बसवला. इन्व्हर्टर चालू झाला. मंडळी खूश, मीही खूश.

पुढे ड्रायव्हर एकदा म्हणालाही, की इन्व्हर्टर मधूनमधून पीं-पीं करतो. बॅटरी उतरली असेल म्हणून मी विषय सोडून दिला. मग एका रात्री अडीच वाजता त्याचा फोन आला. कळा सुरू झालेली बाई गाडीत, आणि गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. तो म्हणाला, ‘‘दादा, दिवे झकास लागतायत, सायरन वाजतोय. बॅटरी तर नवीच आहे.’’ मी म्हटलं, ‘‘आधी इन्व्हर्टर बंद कर. मग पॉझिटिव्हचा नट बघ. उघड्या हातानं धरू नकोस, गरम असेल.’’ फडकं धरून त्यानं नट चाचपला, तर तो बोटांनीच फिरला. आवळल्यावर गाडी सुरू झाली. बाई वेळेत पोहोचली, मुलगी झाली. मला मात्र उरलेली रात्र झोप लागली नाही. तो नट मीच बसवलेला होता.

आता दिवे लागतात आणि सेल्फ फिरत नाही, असं का होतं? जोड सैल झाला, त्यावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी भुकटी धरली, की तिथं विजेला थोडा अडथळा होतो. समजा, तो अडथळा फक्त एका ओहमचा शंभरावा भाग आहे. दिव्यांना ५ अँपिअर लागतात. तेवढा प्रवाह जाताना त्या जोडावर ०.०५ व्होल्ट खर्च होतात. काहीच कळत नाही. पण डिझेल गाडीचा सेल्फ फिरताना २०० अँपिअर सहज ओढतो. तेव्हा त्याच जोडावर २ व्होल्ट जातात आणि ४०० वॅट उष्णता तयार होते. कपड्यांच्या इस्त्रीची निम्मी उष्णता एका बोल्टवर! दोन व्होल्ट वाटेतच गेल्यावर सेल्फला जोर कुठून येणार? त्यात शिसं मऊ. गरम-गार होत होत जोड आणखी सैल होतो, आणि सैल झाला की आणखी तापतो.

आपण १२ व्होल्टला घाबरत नाही, कारण शॉक बसत नाही. खरा धोका आहे प्रवाहाचा. हजार वॅटचं उपकरण घरात २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरपेक्षा कमी घेतं. तेच काम १२ व्होल्टवर इन्व्हर्टरनं करायचं, तर ८३ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरला तर नव्वदीच्या पुढे. शिवाय घरात मीटरजवळ फ्यूज असतो. बॅटरीच्या टोकावर आपण लावला नाही, तर काहीच नसतं. केबलचं आवरण घासून ती पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, आणि तांब्याची तार लाल होऊन शेजारचं सगळं पेटवते.

मग अनेक जाड केबल जोडायच्या कशा? घरात एकाच खुंटीवर छत्री, पिशवी, सदरे असं सगळं अडकवलं, तर खुंटी कधीतरी निघतेच. उपाय साधा आहे. खुंट्यांची पट्टी लावा. बॅटरीच्या टोकावर सेल्फची आणि मूळ वायरिंगची केबल कंपनीनं दिली तशी राहू द्या. जादा उपकरणांसाठी तिथून एकच जाड केबल काढा. ती वीतभर, फार तर हातभर अंतरावर मोठ्या फ्यूजमधून जाऊ द्या आणि पुढे झाकण असलेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीवर आणा. गॅरेजमध्ये तिला बसबार म्हणतात. त्या पट्टीवर प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र बोल्ट आणि स्वतंत्र फ्यूज. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो, म्हणून वायरला सोसेल तेवढाच घाला. मुख्य केबलनं सगळ्यांची बेरीज पेलली पाहिजे. शंभर अँपिअरसाठी, अंतर कमी असेल तर, मी २५ स्क्वेअर मिलिमीटरची घेतो.

एका बोल्टवर दोन थिंबल बसवावेच लागले, तर जास्त प्रवाहाचं थिंबल खाली ठेवा. मध्ये लोखंडी वॉशर घालू नका, तो सर्वांत वर, नटाखाली. थिंबलमध्ये मावत नाही म्हणून केबलच्या चार तारा छाटायच्या, ही आमच्या धंद्यातली वाईट सवय आहे. थिंबल मोठं घ्यावं आणि हातोडीनं न ठोकता दाबयंत्रानं दाबून घ्यावं.

निगेटिव्ह बाजूला आपण दुय्यम मानतो. पण जेवढा प्रवाह जातो, तेवढाच परत येतो. अर्थिंगची केबल तेवढीच जाड हवी आणि तिच्याखालचा रंग खरवडलेला हवा. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत निगेटिव्ह टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तिथं जादा केबल थेट टोकावर न लावता चासीवर लावावी, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो.

ट्रकवाल्यांना एक विनंती. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून टेप किंवा पंखा चालवू नका. एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो.

काम करताना आधी निगेटिव्ह काढा आणि शेवटी निगेटिव्हच लावा, म्हणजे पान्हा पत्र्याला लागला तरी ठिणगी पडणार नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि त्याला ठिणगी पुरते. भुकटी साफ करायला गरम पाण्यात खाण्याचा सोडा घाला, पण बॅटरीची बुचं घट्ट लावून. नट आवळून झाल्यावर मगच वरून पेट्रोलियम जेली लावा.

ती रुग्णवाहिका मी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतली आणि बसबार लावून दिला. पैसे घेतले नाहीत. घ्यायचे कशाचे? तेव्हापासून कुठलीही गाडी आली, की मी आधी टोकावरच्या केबल मोजतो. मीटरचा एक काटा शिशाच्या टोकावर आणि दुसरा थिंबलवर टेकवून सेल्फ मारायला सांगतो. ०.२ व्होल्टच्या वर गेला, की जोड उघडायचाच.

तुमच्या गाडीत नंतर काही बसवून घेतलं असेल, मग तो साउंड असो, जादा दिवे असोत की इन्व्हर्टर, तर आज रविवार आहे. बॉनेट उघडा आणि त्या एका खुंटीवर किती ओझं आहे, ते जरा मोजून बघा.