जुन्या गाडीचा धूर आणि इंजिनचा आवाज : आधी ऐब ओळखा, मग खर्च करा

छोट्या व्यापाऱ्याच्या दारातली गाडी ही मौजेची वस्तू नसते. कापडाचे तागे, तयार माल, आठवडी बाजाराचे सामान आणि रात्री-अपरात्री दवाखान्याची निकड, हे सारे त्या एकाच गाडीवर चालते. ती चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की भाड्याच्या टेंपोचा खर्च सुरू होतो आणि कबूल केलेला माल वेळेवर पोचत नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांकडे बहुतेक जुन्याच गाड्या असतात. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले आणि ॲम्बॅसिडरचे २०१४ साली, पण यांतल्या किती तरी गाड्या आजही रोजी कमावत आहेत. अशा गाडीचे इंजिन धूर सोडू लागले किंवा वेगळा आवाज करू लागले की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर घाबरून सारे इंजिन उघडायला सांगतो, नाही तर 'चालते आहे ना' म्हणून दुर्लक्ष करतो. दोन्हींत नुकसान आहे.

यंत्रमागावर बसणाऱ्या कारागिराला हे वेगळे सांगायला नको. मागाच्या खटखटीत जरा फरक पडला की धोट्यात बिघाड आहे की दुसरीकडे, हे त्याला कानानेच कळते. इंजिनचेही तसेच आहे. धुराचा रंग कोणता आणि तो केव्हा येतो, आवाज कुठून येतो आणि केव्हा वाढतो, एवढे नीट पाहिले तर निम्मे निदान घरीच होते.

निळा धूर : तेल जळते आहे

निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर इंजिन ऑइल पेट्रोलबरोबर जळते आहे असे समजावे. पण ते कोणत्या वाटेने आत जाते, हे महत्त्वाचे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट निघाला आणि मिनिटभरात धूर थांबला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. कसारा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो. खाली आल्यावर पुन्हा रेस देताच मागे निळा धूर दिसला, तरीही संशय व्हॉल्व्ह सील किंवा गाइडवरच घ्यावा.

उलट, माल भरून चढ चढताना धूर सतत येत असेल आणि पिकअपही कमी झाला असेल, तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. एक साधी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. आतून जोराने वाफारा येत असेल तर रिंगांमधून दाब खाली उतरतो आहे. पक्की खात्री कॉम्प्रेशन गेजने होते. स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा दाब मोजावा. दाब वाढला तर दोष रिंगांचा. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. सीलचे काम वरच्या वर होते, रिंग-पिस्टनसाठी सारे इंजिन बांधावे लागते. दोन्हींच्या खर्चात कित्येक पटींचा फरक आहे, म्हणून ही परीक्षा झाल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये.

त्याआधी तेलाची पट्टी पाहावी. तेल वरच्या खुणेच्या वर भरले असेल किंवा ब्रीदरची नळी तुंबली असेल, तरीही निळा धूर येतो. दुकानाच्या वहीत जसा हिशेब लिहितो, तसा तेलाचाही लिहावा : किती किलोमीटरला किती तेल घातले. हजार किलोमीटरला लिटरभर तेल जाऊ लागले तर मोठ्या कामाची तजवीज करावी.

पांढरा धूर : पाण्याकडे लक्ष द्या

थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि काही मिनिटांत थांबते. तो दोष नव्हे. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरचे पाणी घटत असले, तर हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर पाणी तेलात मिसळले आहे. मात्र पावसाळ्यात थोडे थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीतही झाकणाला थोडा फेस धरतो, म्हणून पट्टीवरचे तेलही पाहावे. तेही गढूळ असेल तर गाडी पुढे चालवू नये.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि त्याचे हेड ॲल्युमिनियमचे. ते जास्त तापले की वाकते. काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि पुरते निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये. डिझेल गाडीत पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचाही असतो. तेथे ग्लो प्लग, नोझल आणि पंपाचे टायमिंग तपासावे.

काळा धूर : इंधन जास्त, हवा कमी

तिन्हींत कमी धोक्याचा धूर हा, पण खिसा हाच रिकामा करतो. पहिली तपासणी एअर फिल्टरची. सुताची धूळ उडते त्या भागात तो लवकर तुंबतो. त्यानंतर जुन्या पेट्रोल गाडीत चोक अडकला आहे का आणि कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडतो का, हे पाहावे. डिझेलमध्ये नोझल, पंप आणि बेसुमार भरलेला माल, ही कारणे.

स्पार्क प्लग काढून ओळीने ठेवले तर तेही साक्ष देतात. तपकिरी असेल तर ठीक; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; ओला तेलकट काळेपणा म्हणजे आत तेल; आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असावे.

आवाज : थांबावे केव्हा?

वरून हलकी टिकटिक येत असेल तर टॅपेट सैल आहेत किंवा तेल कमी आहे. तेल पाहून टॅपेट सेट करून घ्यावेत. सकाळी किंवा पावसात चीं-चीं आवाज आला आणि दिवे लावताच वाढला, तर फॅन बेल्ट सैल किंवा जुना झाला आहे. घरघर असेल तर वॉटर पंप किंवा अल्टरनेटरचे बेअरिंग पाहावे. चढावर पेट्रोल इंजिन बारीक खडखडले तर इग्निशनचे टायमिंग पुढे आहे, नाही तर आत कार्बन साचला आहे. थंड असताना ठोकल्यासारखा आवाज येऊन गरम होताच गेला, तर पिस्टन बोअरमध्ये सैल झाला आहे. असे इंजिन सांभाळून बराच काळ चालते.

पण खालून जड ठकठक येऊ लागली, रेस दिल्यावर ती वाढली किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तर तेथेच इंजिन बंद करावे. ते क्रँकच्या बेअरिंगचे लक्षण आहे. माल पोचवण्यासाठी आणखी दहा किलोमीटर रेटले तर बेअरिंगवर भागणारे काम क्रँकवर जाते आणि कधी कधी सारे इंजिनच जाम होते. गाडी ओढून आणण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

मिस्त्रीकडे जाताना नुसते 'आवाज येतो' म्हणू नये. थंड असताना की गरम, चढावर की उतारावर, धुराचा रंग कोणता, तेल-पाणी किती घटले, हे सांगावे. मिस्त्रीही आपलाच कारागीर भाऊ आहे. नेमके सांगितले तर नेमके काम होते. काढलेले जुने भाग मागून पाहावेत.

खरेदी-विक्रीत

जुनी गाडी घ्यायला सकाळीच जावे आणि आधी बॉनेटला, ओम्नीत सीट उचलून इंजिनजवळ हात लावून पाहावा. गाहक येण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर सकाळचा धूर आणि आवाज दोन्ही लपतात. काही जण जाड तेल किंवा धूर दाबणारे औषध घालून चार दिवसांपुरते इंजिन शांत करतात. म्हणून पट्टीवरचे तेल बोटाने चोळून पाहावे आणि माल भरून चढावर गाडी चालवून घ्यावी.

विकणाऱ्यासाठीही हीच गोष्ट. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. गाडीचा धूर हा त्या ढिगातल्या ओलीसारखाच आहे. कापडातला डाग आपण गाहकाला दाखवतो, तसाच इंजिनचा ऐब सांगून भाव ठरवावा. दोन पैसे कमी येतील, पण कमाई हलाल राहील आणि बाजारात आपल्या शब्दाला किंमत राहील.