भोपाळच्या अंगणात गाडीची निगा

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की त्यातली कचच त्याला ओरखडते आणि उन्हात बॉनेटवर कोळिष्टकासारख्या रेघा दिसतात. म्हणून आधी पाणी ओतून धूळ सैल करा.

मग दोन बादल्या घ्या: एक शाम्पूची, दुसरी फडके खळबळून घ्यायला. छतापासून खाली या. चाकांचं फडकं वेगळंच ठेवा. भांड्यांचा साबण मात्र नको, तो मेणाचा थर उतरवतो. शेवटी मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या, कारण बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात. भोपाळचा मे महिना चाळिशीपार जातो, तेव्हा हे काम सकाळी सावलीतच करावं. पक्ष्यांची विष्ठा तर दिसताक्षणी ओल्या फडक्याने भिजवून काढा. तिच्यातलं आम्ल उन्हात रंगात मुरतं.

पाण्याचा हिशेबही हवा. पाइप सोडून धुण्यात शेकडो लिटर सहज जातं, तर बादल्यांनी 40–50 लिटरांत गाडी स्वच्छ होते. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधल्याचं मानलं जातं, तो बडा तालाब आजही शहराला पिण्याचं पाणी देतो. लहान तलावासह तो ‘भोज वेटलँड’ म्हणून 2002 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तळ्याकाठी गाडी धुऊ नका. साबण, तेल आणि ग्रीस थेट पिण्याच्या पाण्यात उतरतं.