एल पासोचा १९६६ चा संघ : एक हंगाम आणि त्याची नोंद

आपल्या सीमाभागात १९६६ हे साल उच्चारलं की महाजन आयोगच आठवतो. आयोग ऑक्टोबरात नेमला गेला. त्याच वर्षी मार्च महिन्यात, जगाच्या दुसऱ्या टोकाला, असल्याच एका सीमेवरच्या गावातल्या कॉलेजच्या पोरांनी बास्केटबॉलचा एक सामना जिंकला. अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात आज त्या सामन्याचं नाव आदरानं घेतलं जातं. आपल्या मंडळात खेळाचा विषय तसा मागेच पडतो. पण जुने कागद चाळणाऱ्या आपल्यासारख्यांना या एका हंगामातून शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून हे टिपण.

गाव टेक्सास राज्यातलं एल पासो. मध्ये रिओ ग्रांदे नदी, पलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ शहर. नदीनं पात्र बदललं आणि चामिझाल नावाच्या जमिनीवरून दोन देशांत जवळजवळ शंभर वर्षं वाद चालला. १९६३ च्या करारानं तो मिटला. म्हणजे सीमावाद हा शब्द तिथल्या लोकांनाही नवा नव्हता. या गावात १९१४ साली खाणकामाचं शिक्षण देणारी संस्था निघाली आणि पुढे तिचं टेक्सास वेस्टर्न कॉलेज झालं.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा-कॉलेजं वेगळी असत. टेक्सास वेस्टर्ननं १९५५ साली काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि पुढच्याच वर्षी एक काळा खेळाडू तिथल्या बास्केटबॉल संघात आला. दक्षिणेतल्या बाकीच्या मोठ्या कॉलेजांत हे अजून होत नव्हतं. मिसिसिपी स्टेटच्या संघाला १९६३ साली शिकागोच्या लोयोला कॉलेजच्या मिश्र संघाशी खेळायचं होतं, तर कोर्टाचा मनाईहुकूम हातात पडण्याआधी गुपचूप राज्याबाहेर पडावं लागलं. आणि जिथं काळी मुलं संघात घेतली जात, तिथंही एक अलिखित हिशेब असायचा. प्रशिक्षक मंडळी तो विनोदानं सांगत : घरच्या मैदानावर दोन, बाहेरगावी तीन आणि हरायला लागलो तर चार. पाचच्या पाच काळे? ते कुणी करत नसे.

डॉन हॅस्किन्स हे प्रशिक्षक १९६१ साली एल पासोत आले. ओक्लाहोमाचे, हेन्री आयबा यांच्या तालमीत तयार झालेले. आयबांची शिस्त म्हणजे आधी बचाव, मग बास्केट. हॅस्किन्स यांच्या सरावात पोरांचा घाम निघायचा. त्यांचे खेळाडू लांबलांबच्या शहरांतून आलेले होते. बॉबी जो हिल डेट्रॉइटकडचा, ऑर्स्टेन आर्टिस आणि हॅरी फ्लोर्नॉय इंडियानातल्या गॅरी या पोलादाच्या गावचे, विली वर्स्ली, नेव्हिल शेड आणि विली केजर न्यूयॉर्कचे, डेव्हिड लॅटिन ह्यूस्टनचा. ही सात काळी मुलं. त्याशिवाय चार गोरे आणि एक मेक्सिकन वंशाचा, असा बारा जणांचा संघ होता.

१९६५-६६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा या संघाकडे देशात कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. पण सामन्यामागून सामना जिंकत गेले. आयोवाचा नावाजलेला संघ एल पासोत आला आणि ८६-६८ असा हरून गेला. सलग २३ विजय झाले. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात मात्र सिएटलनं ७४-७२ असं हरवलं. अख्ख्या हंगामातली ही एकच हार, तीसुद्धा दोन गुणांनी.

मग राष्ट्रीय बाद फेरी. पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीला ८९-७४ असं हरवलं. सिनसिनाटीविरुद्ध जादा वेळ खेळावा लागला, ७८-७६. कॅन्ससविरुद्ध तर दोनदा जादा वेळ. पहिल्या जादा वेळेच्या अखेरीस कॅन्ससच्या जो जो व्हाइटनं लांबून बास्केट केली. सामना गेलाच असं वाटलं, पण पंचांनी त्याचा पाय रेषेवर पडला म्हणून ती नाकारली. शेवटी टेक्सास वेस्टर्न ८१-८० असं वाचलं. उपांत्य फेरीत युटाच्या जेरी चेंबर्सनं एकट्यानं ३८ गुण काढले, तरी निकाल ८५-७८ असा आपल्या या पोरांच्याच बाजूनं लागला. चेंबर्सला आवरायला हॅस्किन्स यांनी जेरी आर्मस्ट्राँग या गोऱ्या खेळाडूला उतरवलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

अंतिम सामना १९ मार्च १९६६ ला मेरीलँडमध्ये झाला. समोर केंटकी, देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ. प्रशिक्षक अॅडॉल्फ रप यांच्या नावावर तोवर चार विजेतेपदं होती. संघ सगळा गोऱ्यांचा आणि उंचीनं कमी, पण भलताच चपळ. हॅस्किन्स यांनी हे ओळखून उंच शेडला बाजूला बसवलं आणि साडेपाच फुटांच्या वर्स्लीला सुरुवातीलाच घेतलं. चपळाईला चपळाईनं उत्तर, असा साधा हिशेब. त्यामुळे मैदानात उतरलेले पाचही खेळाडू काळे होते. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पहिल्या अर्ध्यात हिलनं लागोपाठ दोनदा केंटकीच्या गार्डच्या हातून चेंडू काढून घेतला आणि दोन्ही वेळा बास्केट केली. तिथून केंटकीला पुढे जाता आलं नाही. निकाल ७२-६५. आता गुणपत्रक नीट बघा. मैदानी बास्केट केंटकीच्या जास्त होत्या, २७ विरुद्ध २२. पण फाउलवर मिळणारे फ्री थ्रो टेक्सास वेस्टर्ननं ३४ पैकी २८ घातले आणि केंटकीनं १३ पैकी ११. सामना तिथं सुटला. काळे खेळाडू नुसते पळणार आणि उड्या मारणार, डोकं शांत ठेवून शिस्तीत खेळणं त्यांना जमायचं नाही, असा त्या वेळी सर्रास समज होता. या गुणपत्रकानं तो समज खोडून काढला. दडपणाखाली रेषेवर उभं राहून २८ वेळा चेंडू घालायला शांत डोकंच लागतं.

हंगामाची बेरीज २८ विजय, १ पराभव. आणि अंतिम सामन्यात खेळले ते सातही जण काळे.

पण दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं काढून बघितली तर गंमत वाटते. बऱ्याच वृत्तांतांत रंगाचा उल्लेखच नाही. बघणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं, लिहिलं फारसं कुणी नाही. स्वतः हॅस्किन्सही पुढे आयुष्यभर सांगत राहिले की मी इतिहास वगैरे घडवायला निघालो नव्हतो, चांगले पाच होते ते खेळवले. युटाविरुद्ध आर्मस्ट्राँगला खेळवल्याची नोंद त्यांच्या म्हणण्याला पुष्टी देते. परिणाम मात्र पुढच्या काही वर्षांत दिसले. केंटकी ज्या गटात खेळायची त्या गटात पेरी वॉलेस हा व्हँडरबिल्टचा पहिला काळा खेळाडू १९६७-६८ ला उतरला. रप यांच्या केंटकीत तो दिवस १९७० च्या हंगामात उजाडला.

इथं थांबलं तर गोष्ट फार गोड होते. १९६८ साली एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकानं लेखमाला छापली आणि याच कॉलेजातल्या काळ्या खेळाडूंच्या तक्रारी मांडल्या : खेळापुरतं घेतात, शिक्षणाचं आणि राहण्याचं कुणी बघत नाही. त्याच वर्षी तिथल्या काही काळ्या धावपटूंनी एका स्पर्धेत उतरायला नकार दिला म्हणून त्यांना संघातून काढलं. त्यांच्यात बॉब बीमन होता, ज्यानं काही महिन्यांतच ऑलिंपिकमध्ये लांब उडीचा विश्वविक्रम केला. म्हणजे दार उघडलं होतं, पण आत बसायला जागा दिली होती असं नाही.

२००६ साली या हंगामावर ‘ग्लोरी रोड’ हा सिनेमा आला. त्यात हॅस्किन्स आले आणि पहिल्याच वर्षी जिंकले असं दाखवलंय. प्रत्यक्षात मध्ये पाच वर्षं गेली होती. आज बहुतेकांच्या डोक्यात सिनेमाचीच गोष्ट आहे. आपल्याकडे बखरींचं जे होतं तेच.

हे वाचताना पळवणकर बंधू आठवल्याशिवाय राहत नाहीत. बाळू पळवणकर आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मलेले, चांभार समाजातले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्यात खेळताना त्यांना चहा वेगळ्या भांड्यातून, तोही पॅव्हेलियनच्या बाहेर मिळे. मुंबईच्या स्पर्धेत हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. नुसतं गुणपत्रक वाचणाऱ्याला बाळूंचे बळी दिसतील, चहाचं भांडं दिसणार नाही. आणि नुसत्या आठवणी ऐकणाऱ्याला भांडं कळेल, पण तो गोलंदाज केवढा मोठा होता ते आकड्यांशिवाय कळणार नाही. दोन्ही लागतं.

आपल्या गावातल्या जुन्या जिमखान्यांत, तालमींत, कॉलेजांत संघांचे फोटो भिंतीवर आहेत. काहींची काच फुटलीय, काहींच्या खालची नावं पुसट झालीत. ते फोटो उतरवून नावं लिहून घ्या, सामन्यांच्या वह्या असतील तर जपा. आणि त्या काळचं कुणी भेटलं तर एवढं जरूर विचारा, की चांगलं खेळत असूनही या फोटोत कोण नाही, आणि का नाही.