दहा लाख डॉलरांचं पात्र

बँकेत उभी हयात कर्जाची कागदपत्रं तपासण्यात गेली. त्यामुळे मौल्यवान वस्तू पाहिली की 'ही इथे आली कुठून?' हा प्रश्न मला आधी पडतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली एक ग्रीक पात्र दहा लाख डॉलरना विकत घेतलं, तेव्हा हाच प्रश्न अनेकांनी विचारला होता.

हे पात्र म्हणजे 'क्रेटर'. रुंद तोंडाचं, सुमारे ४६ सेंटिमीटर उंच. मेजवानीत द्राक्षाच्या मद्यात पाणी मिसळायचं ते यात. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास अथेन्समध्ये युक्सिथिऑसने ते घडवलं आणि युफ्रोनिऑसने रंगवलं; दोघांचीही नावं त्यावर आहेत. ट्रॉयच्या युद्धात पडलेला झ्यूसपुत्र सार्पेडॉन, जखमांतून वाहणारं रक्त, आणि त्याला उचलणारे निद्रा आणि मृत्यू हे दोन पंखधारी भाऊ. मृत्यूचे हात इतके हळुवार मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेले नाहीत.

गंमत म्हणजे आकृत्यांचा तांबडा हा रंगच नव्हे, ती भाजलेली माती. चित्रकार आकृती कोरी सोडून भोवतालची जागा बारीक गाळलेल्या मातीच्या लेपाने भरायचा. भट्टीत आधी हवा खेळती ठेवायची, मग ती कोंडून आतलं सगळं काळं करायचं आणि शेवटी पुन्हा हवा सोडायची. मूळ माती परत तांबडी होते. लेप मात्र एव्हाना काचेसारखा घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो. पूर्वी काळ्या आकृतीवर तपशील टोकदार हत्याराने कोरावे लागत. आता पोटाचे स्नायू, दाढीचे केस कुंचल्याने काढता येऊ लागले.

विक्रीच्या वेळी कागद दाखवले गेले ते लेबनॉनमधल्या एका संग्राहकाचे. कागद चोख होते! प्रत्यक्षात पात्र १९७१ च्या अखेरीस रोमजवळच्या चेर्वेतेरी इथल्या एट्रुस्कन थडग्यातून चोरून उकरलेलं. २००६ साली म्युझियमने परतीचा करार केला, जानेवारी २००८ मध्ये ते इटलीत पोचलं आणि आता ते चेर्वेतेरीच्याच संग्रहालयात आहे.

पण हिशेब मिटला, असं मला म्हणवत नाही. ते थडगं कुणाचं, पुरुषाचं की बाईचं, शेजारी आणखी काय काय ठेवलं होतं, मेजवानीतलं हे परदेशी पात्र अखेरच्या प्रवासात सोबत कशासाठी दिलं, हे सगळं चोरांच्या फावड्याखाली गेलं.